वारंगुळा

आमच्याकडं एकाच बैलाचा धनी
दुसऱ्या एका बैलाच्या धन्याला गाठतो.
दोघांची मिळून जोडी होते,
आज तुझं रान, उद्या माझं.
भालकीच्या सुवर्णाला हे फोनवर सांगितलं
तर म्हणाली, "अच्छा, कोलॅब."

हो, तेच.
तिच्याकडं कॅमेरा, उदगीरला आमच्याकडं माईक.
माईक म्हणजे शेवग्याच्या शेंगा पाडायची काठी,
टोकाला मुजम्मीलच्या बहिणीनं विणलेली लोकरीची टोपी,
टोपीत माझा जुना मोबाईल.

सिनेमा अकरा मिनिटांचा. नाव, डीपी.
लायनमनच्या सासूची गोष्ट.
सासू झाल्या गंगासागरमावशी,
शाळेत खिचडी शिजवतात, कॅमेरा म्हणजे काय ते विचारलं नाही,
फक्त विचारलं, "बघू कुठं? आन न्हाई बघू कुठं?"
"लाईट गेली न्हाई जावई, लाईट यायचं इसरलीय"
हे आमच्या कागदावर नव्हतंच.

शूटिंग बिदर रोडला, बंद जिनिंगच्या मागं,
कुत्र्यांना गप्प ठेवायला बिस्किटाचे सहा पुडे
(खर्चाच्या वहीत ही सगळ्यात मोठी रक्कम).
एडिटिंग माझ्या झेरॉक्सच्या दुकानात,
एक आधार, एक कट,
दोन सातबारा, एक कट.
अपलोड पहाटे तीनला,
त्या वेळी नेटवर गर्दी नसते,
चक्र फिरत राहतं आणि मी त्याच्याकडं बघत
डाळीकडं बघितल्यासारखा, उतू जाईल म्हणून.

नांदेडच्या एका मोठ्या चॅनलचा निरोप आला,
टाकतो आमच्याकडं, फक्त भाषा जरा सरळ करा.
सुवर्णानं विचारलं, "वाकडी कुठं हाय?"
तिचं अर्धं घर कानडी बोलतं.

मग प्रचार आमचा आम्हीच.
मुजम्मीलच्या भंगाराच्या टेम्पोवर भोंगा आहे,
लोखंड, पत्रा, रद्दी यांच्या मधी त्यानं घातलं,
"डीपी आली, डीपी बघा!"
हाळीत अर्धी गल्ली बाहेर.
नऊ दिवस अंधारात होते ते लोक.
एक म्हातारा धोतर खोचत आला,
"कुठंय? उतरवा. पोरं बलिवतो."
मुजम्मीलनं मोबाईल पुढं केला.
ज्या शिव्या पडल्या
त्यातल्या दोन पुढच्या भागासाठी लिहून ठेवल्यात.
मग टेम्पोच्या काचेला मोबाईल टेकवून
चाळीस माणसांनी बघितली, म्हातारा पुढं, लेकरं चाकावर.
आकडा एकानं वाढला.

सुवर्णानं तिच्या म्हशीच्या व्हिडिओशेवटी आमचं नाव घेतलं,
आम्ही डीपीच्या शेवटी तिच्या म्हशीचं.
सव्वा महिन्यात अकराशे बारा.

अकराशे तेरावा नंबर मावशींचा.
तोवर त्यांनी बघितलीच नव्हती,
फोन नातवाचा, नातू हैदराबादला.
दुकानात स्टुलावर बसून बघितली, हसल्या नाहीत,
शेवटी नावं वर सरकायला लागली तसं बोट ठेवलं.
गंगाबाई.
मीच टाईप केलं होतं, पहाटे तीनला.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, "गंगा तर गंगा,
सागर काय पळून चाललालाय?"
आणि खिचडीची येळ झाली म्हणून उठल्या.

चढवलेल्या सिनेमातलं अक्षर बदलता येत नाही.
काढायचा, पुन्हा चढवायचा, आकडा पुसून.
मुजम्मील बराच वेळ काही बोलला नाही,
टेम्पोचं चाक लाथेनं तपासत राहिला.
मग म्हणाला, "हाळीचे चाळीस तसेबी मोजले नव्हते."

सुवर्णाला कळवायचं जड गेलं,
तिला म्हशीचा शेवट पुन्हा करावा लागणार,
जुना पत्ता मेलेला.
रात्री साडेअकराला तिचा उलटा मेसेज,
केला. म्हैस झोपली होती, उठवली.

पहाटे तीन. चक्र.
गंगासागर विश्वनाथ बिरादार,
चार वेळा वाचलं, एकदा उलटं.
खाली शून्य.
थोड्या वेळानं एक.
तो मीच होतो.
दुसरा कोण, अजून कळलेलं नाही.